राबातला चुना

आमच्या घरात भित्रा कोण, यावर आजवर कधी मतभेद झालेला नाही. लहानपणी मी म्हशीला घाबरायचो, नोकरी लागल्यावर मुख्याध्यापकांना आणि लग्नानंतर जवळजवळ सगळ्यांनाच. पण दोन वर्षांमागच्या जूनमध्ये मी ज्याला घाबरलो, ते जेमतेम वीतभर उंचीचं होतं, एका जागी मुकाट उभं होतं आणि दिवसागणिक पिवळं पडत होतं.

सुरुवात दादाच्या पडण्यापासून करतो. कापडे गावाच्या वर, डोंगराच्या अंगाला आमची वाडी आहे. मी महाडात राहतो आणि नाते गावाजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. वाडीवरचं घर, गुरं आणि एकाखाली एक अशी भाताची तीन खाचरं दादा आणि वहिनी बघतात. त्यांची दोन्ही मुलं मुंबईत कामाला. शिमगा झाला की आमच्याकडे राबाची तयारी सुरू होते. ज्या तुकड्यात भाताची रोपं करायची, तिथे शेण, वाळक्या पानांचा पातेरा आणि झाडाच्या तोडलेल्या फांद्या थरावर थर रचतात, वर माती पसरतात आणि पेटवून देतात. त्या राखेत पेरलेलं भात जोमानं उगवतं. त्या भाजण्यालाही राब म्हणतात आणि त्या जागेलाही. फांद्यांसाठी ऐनाच्या झाडावर चढावं लागतं. दादा चाळीस वर्षं चढला आणि चाळीस वर्षं उतरला. त्या जूनच्या आदल्या वर्षी मात्र उतरला तो एकदम उतरला. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि दादा ओटीवरच्या खाटेवर बसला तो बसलाच. डॉक्टर चाला म्हणाले, वहिनी चाला म्हणाली. चालून जायचंय कुठं, असं दादाचं उत्तर ठरलेलं.

पुढच्या माघात वहिनी सहज बोलावं तशी बोलली की, यंदा ऐनावर मीच चढेन. तिचं वय पन्नाशीच्या पुढे. मी चहाचा कप खाली ठेवला. झाडावर वहिनी आणि खाटेवर दादा, हे चित्र डोळ्यासमोर आलं आणि माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. मला भीती वाटली की तो जागा होतो. एरवी झोपलेला असतो.

मी तिन्ही खाचरांतली माती पिशव्यांत भरून तपासायला दिली. महिन्याभरानं कागद आला. जमीन आम्लधर्मी, आणि वरचं खाचर तर फारच. त्या खाचराला आमच्या घरात रडकं म्हणतात. डोंगरातून तिथे तांबडं पाणी पाझरतं, त्यावर तेलासारखा तवंग येतो, बांधाला गंज चढल्यासारखा रंग येतो, आणि भात बुटकं राहून पानांवर तपकिरी ठिपके धरतं. जमीन आंबट झाली की मातीतलं लोह पाण्यात उतरतं आणि रोपाला बाधतं, असं कागद देणाऱ्या कृषी सहाय्यक मुलीनं मला समजावलं. उपाय म्हणून कागदावर चुना लिहिला होता. शेतीचा चुना, आठ गोण्या, लावणीच्या महिनाभर आधी.

मी वाडीवर जाऊन ओटीवर तास घेतला. राख आम्लारी, चुनाही आम्लारी, दोघंही आंबटपणा मारतात. मग राखेसाठी झाडावर चढायचं कशाला? यंदा राब भाजायचाच नाही. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं की चुन्यानं रोप जळणार तर नाही ना. मी म्हणालो, "वहिनी, मी बावीस वर्षं हेच शिकवतोय." हे वाक्य मला आजही जेवताना आठवतं आणि घास फिरतो.

बियाणं होतं वहिनीच्या घरचं. दरवर्षी चांगल्या लोंब्या निवडून, वेगळं झोडून, कणगीत जपलेलं. आमच्या आईनं तिच्या हाती दिलेलं, आणि आईला तिच्या सासूनं. दुकानात ते मिळत नाही, आणि वाडीत बाकी सगळ्यांनी केव्हाच नवी बियाणी धरलेली. त्या भातावर दोघांचं वर्ष निघायचं आणि दिवाळीनंतर मुंबईला दोन गोणी तांदूळ जायचा. वहिनीनं ती कणगी पार तळापर्यंत रिकामी केली आणि टोपली माझ्या पुढ्यात ठेवली.

चुन्याच्या गोण्या जीपनं रस्त्यापर्यंत आल्या. पुढे पायवाट. मी एक गोणी आणली आणि वाटेत अकरा वेळा बसलो. उरलेल्या सात वहिनीनं आणि शेजारच्या दोघांनी आणल्या. मग आम्ही चुना पसरला. मी स्वतः, या हातांनी, नाकाला रुमाल बांधून. आमच्याकडे भाताला जे काही द्यायचं ते राबात देतात. शेण राबात, राख राबात, खत परवडलं तर तेही राबात. खाचराला कधी कुणी काही दिलेलं मी पाहिलेलं नाही. तिथे रोप जातं आणि पाणी. त्यामुळे गोण्या उघडल्यावर कुठे ओतायच्या, हा प्रश्न ना मला पडला, ना वहिनीला. घरामागचा दोन गुंठ्यांचा राब पांढराशुभ्र झाला. एवढा, असं वहिनीनं एकदा विचारलं. कागदावर आहे तेवढाच, असं मी खिशावर थाप मारून सांगितलं.

भात उगवलं. पहिले आठ दिवस मी गावभर छाती काढून फिरलो. उतारावर सगळ्यांचे राब दिसतात, काळ्या राखेचे चौकोन आणि त्यात हिरवळ. आमचा एकटा चौकोन पांढरा. मग बाकीचे हिरवे होत गेले आणि आमचा फिका. आधी मला वाटलं ऊन आहे. मग वाटलं ढग आहेत. मग नवं आलेलं पान आलं तेच पिवळं, शिरांमधून पांढरट, चिमटीत धरलं तर कागदासारखं. आमची एक चुलती आहे, तिला शब्द तोंडात धरवत नाही. बांधावरून जाताना ती वहिनीला म्हणाली, "गो, तुझ्या राबाला कावील झाली काय?" वहिनीनं माझ्याकडे बघितलं नाही, आणि तेच मला सोसलं नाही.

त्या दिवसापासून मी रोज शाळा सुटल्यावर मोटारसायकलनं कापड्यापर्यंत आणि तिथून पायी वाडीवर जाऊ लागलो. जाऊन काय करायचो? राबाच्या कडेला उकिडवा बसून बघायचो. बघण्यानं रोप हिरवं होत असतं तर आमचा राब पोलादपूर तालुक्यात पहिला आला असता. महाडात घरी फोन वाजला की मी आतल्या खोलीत पळायचो. बायकोनं एकदा तिच्या बहिणीचा फोन घेतला आणि मी आतल्या खोलीतून ओरडलो, "मेली का?" ती म्हणाली, "कोण? ताई? ताई मजेत आहे."

भीतीला तारीखही होती. आमच्या वाडीत लावणीला मजूर मिळत नाहीत. जे मिळायचे ते मुंबईला गेले. म्हणून सावड असते. आज सगळ्यांनी मिळून तुझं लावायचं, उद्या माझं. पाळ्या आधी ठरतात आणि वहिनीची पाळी तिसरी होती. त्या दिवशी तेरा-चौदा माणसं आमच्या बांधावर येऊन उभी राहणार आणि त्यांच्या हातात द्यायला रोप नसणार. बियाणं पुन्हा पेरायला शिल्लक नव्हतं आणि पेरण्याचे दिवसही गेलेले.

शेवटी मी राबातली मूठभर माती पिशवीत घालून शाळेत नेली. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं, माती पाण्यात ढवळली आणि लाल लिटमस बुडवला. तो निळा झाला. आमच्या डोंगरातली माती, जिच्यात निळा लिटमस लाल होतो असं मी दरवर्षी वर्गात दाखवतो, तिनं लाल लिटमस निळा केला. मी खिशातला कागद काढला. घडीवर घडी पडून तो चारही बाजूंनी फाटत आला होता. त्यावर लिहिलं होतं, लावणीच्या खाचरांत. शब्द तिथेच होता, पहिल्यापासून होता, आणि मी तो दादाला मोठ्यानं वाचूनही दाखवला होता. तीन खाचरांचा चुना मी दोन गुंठ्यांत ओतला होता. घंटा झाली. नववीचा तास होता, आम्ल आणि आम्लारीच्या उदासिनीकरणाचा. मी मुलांना शांत बसून वाचायला सांगितलं.

कृषी सहाय्यक मुलीला फोन केला. ती माझ्या मुलीच्या वयाची. तिनं आधी लक्षणं विचारली, मग गोण्या, मग जागा. दोन गुंठे म्हटल्यावर तिनं तो आकडा मला पुन्हा सांगायला लावला. हसली असती तर बरं झालं असतं. मग ती सावकाश म्हणाली, "सर, चुना फार झाला की रोपाला मातीतलं लोह घेता येत नाही. लोहावाचून पिवळी पडलीत ती. राबात पाणी तुंबवून ठेवा आणि हिराकस, म्हणजे लोहाचाच क्षार, फवारा." किती पाण्यात किती, ते तिनं सांगितलं आणि मी तळहातावर लिहून घेतलं. जगतील का, असं विचारल्यावर ती म्हणाली, सगळी नाही जगणार. महाडातल्या दुकानात हिराकस नव्हतं. तीन दिवसांनी येईल, असं दुकानदार म्हणाला. तीन दिवसांत किती पानं जातील, ते मी मनातल्या मनात मोजलं.

संध्याकाळी वाडीवर गेलो. वहिनी चुलीपुढे होती, दादा ओटीवर. पावसानं लाकडं ओली, घरभर धूर. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. कागदावर काय होतं, मी काय केलं, आता काय झालंय. सांगताना माझा आवाज वर्गातल्या आवाजासारखा निघेना. वहिनीनं फुंकणी खाली ठेवली.

"भावजी, बियानं परत मिळंल का?"

"नाही."

"मंग आता काय करायचं त्ये सांगा. रडायचं असंल तर गोठ्यात जावा. हितं धुरानं मलाच रडू येतंय, कोन कशानं रडतंय त्ये कळायचं नाय."

मी हिराकसाचं सांगितलं, तीन दिवसांचं सांगितलं. रोपं तीन दिवस काढतील की नाही हे मला माहीत नाही, हेही सांगितलं. ती उठून मागच्या दारात गेली आणि अंधार पडायच्या आत जेवढं दिसत होतं तेवढं राबाकडे बघत राहिली. तिच्या पाठीकडे बघून मला जे वाटलं, त्यापुढे म्हैस, मुख्याध्यापक सगळे फिके होते.

ओटीवरून दादानं हाक मारली. "काय कमी पडलंय म्हनालास राबाला?"

"लोह. म्हणजे लोखंड."

दादाचं पोट हलायला लागलं. वर्षभरात तो हसला नव्हता, त्यामुळे आधी मला वाटलं त्याला काही झालं. "वरल्या खाचराला लोखांड जास्त झालं म्हनून तू चुना आनलास," तो म्हणाला, "आनि आता राब लोखांड नाय म्हनून मरतोय. अरे गाढवा, पानी वरनं खालीच येतं ना?"

वरच्या खाचरातलं ते तांबडं पाणी पूर्वी राबाच्या कडेनंच वाहायचं. रोपं बाधतात म्हणून आमच्या वडिलांनी तो पाट दगडमाती घालून बुजवला होता. कुठून बुजवला ते फक्त दादाला माहीत. मी म्हटलं, जागा सांग, मी खणतो. दादा म्हणाला, तुला आंब्याखाली आंबा सापडत नाही. उद्या मी येतो.

रात्रभर मला एका भीतीच्या जागी दोन झाल्या. सकाळी पाऊस लागलेला. दादाच्या एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर, पुढे वहिनी कुदळ घेऊन. अंगणातून घरामागे यायलाच पाव तास लागला. पुढे बांध चढायचा होता, पावलापुरता रुंद, शेवाळानं गुळगुळीत. दादाचा पाय सरकला की आतली सळई मला माझ्या खुब्यात जाणवायची. मी त्याचा सदरा मागून दोन्ही हातांनी धरला होता. वहिनीनं वळून बघितलं आणि म्हणाली, भावजी, तुम्ही त्यांना धरलंय की त्यांनी तुम्हाला? बांधाच्या टोकाशी दादानं काठी माझ्याकडे दिली आणि सरळ खाली बसला. मग तो बसल्या बसल्या, हात टेकत, लहान मूल सरकतं तसा त्या चिखलातून सरकत गेला. लुंगीचा रंग राहिला नाही. वहिनीनं तोंड फिरवलं. मी मात्र बघत राहिलो, कारण डोळे मिटले तर तो घसरेल असं मला वाटत होतं.

"हितं," दादा म्हणाला. मी खणलं. दगड लागला. "डावीकडं." पुन्हा दगड. "तुझं डावं नाय, माझं." तिसऱ्या जागी कुदळ आत गेली, माती ढासळली आणि त्या भोकातून गंजाच्या रंगाचं पाणी भसकन् आलं. ते पाणी आम्ही जन्मभर शिव्या देत उताराला लावून दिलेलं. वहिनी खाली धावली, राबाच्या कडा चिखलानं बांधून घेतल्या, आणि दुपारपर्यंत त्या पांढऱ्या चौकोनात तांबडं पाणी घोट्याएवढं उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी काही फरक नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता. हिराकस आलं आणि आम्ही फवारलं. दादा मागच्या दारात बसायचा लाकडी पाट टाकून बसला, उठायचं नाव घेईना. चौथ्या दिवशी मला हिरवं दिसलं, पण मी घाबरलेला माणूस, मला त्या आठवड्यात पांढऱ्या भिंतीवरही हिरवं दिसायचं. पाचव्या दिवशी वहिनीनं एक रोप बोटांनी फाकवून दाखवलं. मधल्या सुरळीसारख्या पोग्यातून निघणारं नवं पान दोऱ्याएवढं, पण खरोखर हिरवं होतं.

अर्ध्या राबात. दुसऱ्या अर्ध्यात, जिथे मी शेवटच्या गोण्या परत उचलायचा कंटाळा करून एकावर एक ओतल्या होत्या, तिथलं सगळं मेलं. आणि जगलेलं रोप पाळीच्या दिवसापर्यंत लावायच्या उंचीचं होणार नव्हतं. वहिनी चुलतीकडे गेली आणि आपली तिसरी पाळी तिला देऊन शेवटची मागून घेतली. सावडीत शेवटची पाळी कुणाला नको असते; माणसं दमलेली असतात, पाऊस उघडायची भीती असते. का बदलतेस, असं चुलतीनं नक्की विचारलं असणार. वहिनीनं काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही. मला चुलतीनं त्यावरून कधी टोमणा मारला नाही, यावरून वहिनीनं माझं नाव घेतलं नसावं, असा मी अंदाज केला.

मधले दिवस मी आणि वहिनीनं मेलेल्या अर्ध्या राबातला पांढरा चिखल टोपल्यांत भरून वरच्या खाचरात वाहिला. कृषी सहाय्यक मुलीला विचारून, या वेळी जागा आणि माप तिच्याच तोंडून दोनदा वदवून घेऊन. माझ्या डोक्यावर टोपली द्यायच्या आधी वहिनी प्रत्येक वेळी विचारायची, कुठं टाकायचं? मी बोटानं दाखवायचो, वरचं खाचर. बरोबर म्हणाली की मी निघायचो.

शेवटच्या पाळीला माणसं आली तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यावर आपापल्या राबात उरलेल्या रोपांच्या दोन-तीन जुड्या होत्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आमची रोपं बारीक, हातात धरायला भीती वाटावी अशी. चुलती चिखलात उतरली आणि बायांना म्हणाली, "काविलीच्या पोरी हायत गो, एकेकटी नको. चार-चार जनी संगं उभ्या करा." वहिनीनं एकच अट घातली की, घरच्या बियाण्याची रोपं वरच्या खाचरात एकत्र लावायची, दुसरं भात त्यात मिसळायचं नाही. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. रडक्या खाचरात घरचं बियाणं? मीही बघितलं. तोवर मी तिला सांगत आलो होतो की त्या चिखलानं वरचं खाचर सुधारेल. तिनं माझं ऐकलं होतं, दुसऱ्यांदा, आणि या वेळी तिच्याकडे मागे काहीच उरलं नव्हतं.

श्रावण, भादवा मी शाळेतल्या फळ्याकडे बघत काढले. पानांवर ठिपके आले, पण थोडे. बांधाच्या कडेचं भात बुटकंच राहिलं. मधलं मात्र उभं राहिलं, आणि कापणीला वहिनीनं तिथली लोंबी हातावर घेतली तेव्हा ती दाण्यांच्या भारानं वाकली.

खालच्या दोन खाचरांचं उशिरा लावलेलं भात कमी आलं. तांदूळ चैत्रात संपला आणि मुंबईला त्या वर्षी काही गेलं नाही. मुलांचा फोन आला तेव्हा वहिनीनं सांगितलं की यंदा काका शेती शिकत होते. पुढचे महिने त्या दोघांनी रेशनचा तांदूळ खाल्ला. मी जेवायला गेलो की वहिनी माझ्या ताटात तोच वाढायची आणि मी पुन्हा मागून घ्यायचो.

पण झोडणीच्या दिवशी तिनं आधी दुसरं काहीच मोजलं नाही. वरच्या खाचरातलं भात वेगळं झोडलं, तीन दिवस उन्हात घातलं, दाताखाली धरून बघितलं आणि कणगीत भरलं. कणगी अर्धीच भरली. तोंड शेणामातीनं लिंपताना तिनं मला दिवा धरायला सांगितला. मी जरा जवळ सरकलो, तशी ती म्हणाली, "लांबनंच धरा, भावजी. येवढंच हाय."